तारांची कात्री

सोमवार, ३ मार्च

रक्तदाब सकाळी ठीक, संध्याकाळी वाढलेला. कारण मला माहीत आहे. डॉक्टरांना सांगण्यासारखं नाही.

दुपारी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात सूनबाई आणि आमचे चिरंजीव बोलत होते. मी मुद्दाम ऐकलं नाही. पण घर एवढंसं, कान शाबूत, करणार काय! ती म्हणत होती, ‘हॉस्पिटलचं हे काम नीट पार पडलं तर ते मला कायमची घेतील. नाही पडलं तर जूनपासून कंपनीच्या मोठ्या ऑफिसात जावं लागेल. तिकडे.’ तिकडे म्हणजे रेल्वेचा अख्खा दिवस. चिरंजीव चष्म्याच्या दुकानात असतात. ते म्हणाले, ‘मग मीही तिकडेच बघतो काहीतरी. माणसांना कमी सगळीकडेच दिसतं.’ त्यावर ती म्हणाली, ‘आणि बाबा?’

पुढचं मिक्सरने खाल्लं.

तेव्हापासून खुर्चीत बसून आहे. काय म्हणाला असेल तो? विचारावं तर ऐकत होतो हे उघड होणार. न विचारावं तर झोप जाणार. झोप जाऊ दे.

मंगळवार, ४ मार्च

एकट्याने राहायचं झालं तर कसं, याची आज रंगीत तालीम केली. ती दोघं कामाला गेल्यावर घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. गॅस बंद आहे का ते बघायला किती वेळा उठलो, मोजलं नाही. जेवण गेलं नाही. तालीम फसली.

गुरुवार, ६ मार्च

सूनबाईच्या कंपनीचा वायरमन जिन्यावर पाय मुरगळून घरी बसला आहे. चहा पिताना ती म्हणाली, ‘रविवारी तारा बांधायला आता माणूस कुठून आणू?’

माझ्या तोंडून निघून गेलं — ‘मी येऊ?’

चिरंजीव हसले. ‘बाबा, ते काय तुमचं टेलिफोन एक्स्चेंज आहे का?’

ती हसली नाही. माझ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘जोडायचं काही नाही. जोडणार मी. तुम्ही फक्त लेबलं लावायची आणि बांधायचं. खोली थंडगार असते. सोसेल?’

सोसेल म्हणालो. आता पश्चात्ताप होतो आहे. सर्दी झाली तर? हात थरथरला तर? माझ्या हातून काही मोडलं तर तिचं काम गेलंच. म्हणजे जून आलाच.

शनिवार, ८ मार्च

आज आधी दाखवायला घेऊन गेली. गळ्यात पास अडकवला. त्यावर ‘तांत्रिक सहायक’! सातवी पास माणूस. दारावरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला तेव्हा मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

खोली तळघरात. पंख्यांचा असा घोंगाट की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. स्वेटर, कानटोपी, पायमोजे, तरी नाक गळत होतं. मध्ये लोखंडी कपाट आणि त्यात ते यंत्र. ती त्याला शासी म्हणते. मला पुस्तकांच्या फळीसारखं वाटलं. उभी, चपटी पाती ओळीने आत सरकवलेली, आणि एकेक पातं म्हणजे एकेक पुरा संगणक. पात्यांना समोरून एकही तार नाही. मी म्हणालो, ‘मग ही बोलतात कशी?’

ती मला मागे घेऊन गेली. मागे दोन पेट्या खोचलेल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. ही स्विच मॉड्यूलं. प्रत्येक पात्याच्या पाठीतून दोन रस्ते निघतात, एक डाव्या मॉड्यूलला, एक उजव्या. तारा नाहीतच, मधल्या पाटीतच सगळं छापलेलं. खरी तार लागते ती मॉड्यूलपासून पुढे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात दोन मोठे स्विच आहेत — बटणं नव्हेत, आमच्या एक्स्चेंजसारख्या जोडणीच्या पेट्या — तिथपर्यंत. तिथून मग सगळं हॉस्पिटल — रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, कुठल्या खाटेवर कोण, कुणाला कुठलं औषध.

‘सगळं दोन-दोन का?’ मी विचारलं.

‘एक मेलं तरी दुसऱ्याने चालवावं म्हणून.’

एकदम आवडलं मला ते यंत्र. माझ्यासारखंच घाबरट आहे.

रविवार, ९ मार्च

पाठ धरली आहे, पण मन प्रसन्न. लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

तारा पिवळ्या, शेवयांपेक्षा थोड्या जाड, आत काच. दुमडायच्या नाहीत, आवळायच्या नाहीत. मी नायलॉनच्या पट्ट्या काढल्या तर सूनबाईने हातातून घेतल्या आणि मऊ चिकटपट्ट्या दिल्या. ‘यांना गळफास नको, बाबा. नुसतं कवेत घ्यायचं.’ एक्स्चेंजमध्ये आम्ही मेणाच्या दोऱ्याने गाठी मारत जायचो, प्रत्येक गाठ सारख्या अंतरावर. तिरकी तार दिसली की आमचे मिस्त्री बोटांवर पट्टी मारायचे. बोटं ते अजून विसरलेली नाहीत.

तिने मॉड्यूलच्या चार तारा लावल्या आणि वर खोकी उतरवून घ्यायला गेली. मी बांधायला बसलो. बघतो तर चारांतल्या दोन तारा एकमेकींवरून गेलेल्या, कात्रीसारख्या! डाव्या मॉड्यूलची एक तार उजव्या मोठ्या स्विचला, उजव्याची एक डाव्याला. बिचारी सकाळपासून उपाशी, घाईत अदलाबदल झाली असणार. तिला कशाला त्रास द्यायचा? तेव्हा काही सुरूही नव्हतं. मीच सोडवून सरळ केल्या. डाव्याच्या दोन्ही डावीकडे, उजव्याच्या दोन्ही उजवीकडे. लेबलंही त्याप्रमाणे नवी केली, म्हणजे कुणाला चुकल्यासारखं दिसायला नको.

वीज दिली. सगळे दिवे हिरवे! दोन पिवळे झोत कपाटाच्या दोन कडांनी सरळ वर गेलेले. बघून डोळे निवले.

मंगळवार, ११ मार्च

लांब्या आला होता. लांब्या म्हणजे यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस. दारातून वाकून येतो आणि आत आल्यावरही वाकलेलाच राहतो. माझ्या तारांचे त्याने चारी बाजूंनी फोटो काढले. ‘काका, हे तुम्ही केलं? आमच्याकडची पोरं नूडल्स करून ठेवतात.’ जाताना पिशवी सूनबाईनेच उचलली.

मेट्रनबाईही डोकावून गेल्या. सगळे वॉर्ड यांच्या हाताखाली. डॉक्टरही त्यांना बघून आवाज खाली घेतात. म्हणाल्या, ‘छान आहे. मागचं यंत्रही छानच होतं. बंद पडलं की माझ्या मुली कागद-पेन्सिल घेऊन खाटा धुंडाळत फिरायच्या. मला हिरवे दिवे दाखवू नका. बंद करून दाखवा आणि तरी चालवून दाखवा.’ बुधवारी १९ तारखेला त्यांच्यासमोर परीक्षा आहे. त्या हो म्हणाल्या तरच हॉस्पिटल हो म्हणणार.

मला काळजी नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितो आहे बहुतेक.

शुक्रवार, १४ मार्च

लिहायला नको होतं.

आज सराव होता. वॉर्ड अजून जुन्या यंत्रावरच आहेत, त्यामुळे कुणाचं बिघडलं नाही. पण आमचं बिघडलं. लांब्याने वरचा डावा मोठा स्विच बंद केला. ठरल्याप्रमाणे काहीच व्हायला नको होतं. पण निम्मी पाती मुकी झाली. दिवे हिरवे, आणि हाक मारली तर उत्तर नाही! उजवा बंद केला, तर उरलेली निम्मी मुकी.

लांब्या म्हणाला, ‘मॅडम, तुमचं सेटिंग चुकलंय.’

सूनबाई म्हणाली, ‘तुमचं मॉड्यूल खराब आहे.’

‘दोन्ही एकदम खराब होतील का?’

‘सेटिंगं दोन्हीकडची एकदम चुकतील का?’

मी कोपऱ्यात स्टुलावर. नाक पुसत होतो.

शनिवार, १५ मार्च

दोन्ही मॉड्यूलं बदलून पाहिली. तारा मीच सोडल्या, मीच परत लावल्या, लेबल बघून, जिथल्या तिथे. तेच. सूनबाईने डबा उघडला नाही. घरी येताना म्हणाली, ‘कदाचित तिकडे गेलेलंच बरं, बाबा. इथं मी उगीच जीव काढते आहे.’

घरी येऊन गॅस बघितला. बंद होता.

रविवार, १६ मार्च

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

सकाळी ती जेवणाच्या टेबलावर कप मांडून बसली होती. स्वतःशीच पुटपुटत होती. चिरंजीव पेपर वाचत होते. मी विचारलं, ‘मला सांग ना. मला सांगताना तुलाच सुचेल काहीतरी.’

तिने खाली दोन कप ठेवले. ‘ही दोन मॉड्यूलं.’ वर दोन बशा. ‘हे वरचे मोठे स्विच. आता समजा डावी बशी फुटली. पात्याला ते कळत नाही, बाबा. पात्याची ओळख फक्त कपाशी, आणि कप तर धडधाकट आहे. ते आपलं बिनधास्त डाव्या कपात ओतत राहतं. म्हणून प्रत्येक कपाचा एक चमचा या बशीला आणि एक त्या बशीला जोडायचा. बशी कुठलीही फुटली तरी कपाला वाट राहते.’

आणि तिने चमचे ठेवले. दोन सरळ. दोन तिरके, एकावर एक.

कात्री.

मी टेबलाची कड धरली. आधी वाटलं, उद्या गुपचूप जाऊन परत तिरक्या कराव्यात. पण पास तिच्याबरोबरच चालतो. आणि तोवर ती आणखी एक रात्र जागणार, स्वतःलाच दोष देत.

म्हणालो, ‘तशा होत्या त्या. तू तशाच लावल्या होत्यास. मी सरळ केल्या.’

तिने विचारलं, ‘काय केल्या?’

‘सरळ. वाईट दिसत होत्या.’

‘आणि लेबलं?’

‘तीही बदलली. नाहीतर चुकीची दिसली असती.’

पेपरामागून चिरंजिवांचं हसू फुटलं. ती त्याच्यावर गरजली, ‘तू हसू नकोस!’ मग माझ्याकडे वळली. ‘बाबा, जोडायचं नाही म्हणून सांगितलं होतं की नाही मी? दोन दिवस! दोन दिवस मी त्या लांब्याच्या अंगावर धावून जाते आहे. तुम्हाला विचारायला काय झालं होतं? तोंड नाही?’

या घरात आल्यापासून ती माझ्याशी ‘हवं का, नको का, औषध घेतलं का’ एवढंच बोलते, तेही हळू आवाजात. आज चांगलं खडसावलं तिने. पोटच्या मुलीने खडसावावं तसं. मान खाली घालून ऐकलं. भीती होतीच, पण आतून कुठेतरी — कसं लिहू — जागा मिळाल्यासारखं वाटलं.

तिने एका कपाचे दोन्ही चमचे उचलले. मग म्हणाली, ‘आणि समजा एका कपाचे दोन्ही चमचे एकदम गेले तर? तुमच्या हातून नाही, उंदराने कुरतडले समजा. तरी हेच होणार. पात्याला कळणारच नाही.’ उठून लॅपटॉप घेऊन आली. मॉड्यूलमध्ये एक सोय असते म्हणे: वरच्या सगळ्या तारा गेल्या की मॉड्यूलने पात्याकडचं दारही आपणहून लावून घ्यायचं. म्हणजे पातं दुसऱ्या वाटेने जातं. ‘ते मी सुरूच केलं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘कात्री आहे म्हणून निर्धास्त राहिले.’

चहा परत केला. कप तेच वापरले.

सोमवार, १७ मार्च

माझ्या हातांनी कात्री परत केली. तिने शेजारी उभं राहून करवून घेतली, बोट दाखवत, शाळेतल्या बाईंसारखी. लेबलं मोठ्याने वाचायला लावली. लांब्याला तिने सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, आता हा हसणार किंवा तक्रार करणार. तो म्हणाला, ‘मॅडम, माझं मॉड्यूल चांगलं निघालं ना? मग मला काही ऐकू आलं नाही.’ पंख्यांचा आवाज होताच.

सराव केला. डावा बंद, उजवा बंद, मॉड्यूल बाहेर, तारा बाहेर. एकही पातं मुकं झालं नाही.

मंगळवार, १८ मार्च

उद्या. रक्तदाब मोजलाच नाही. कशाला उगीच?

बुधवार, १९ मार्च

मेट्रनबाई दोघी परिचारिकांना वॉर्डात बसवून स्वतः तळघरात आल्या. शाल घेऊन आल्या होत्या, म्हणजे लवकर जाणार नव्हत्या.

‘कुठला बंद करणार?’

लांब्या म्हणाला, ‘डावा. ठरल्याप्रमाणे.’

‘मग उजवा करा.’

केला. बाईंनी भिंतीवरच्या फोनवरून वॉर्डात विचारलं. ‘दिसतंय? मला वाचून दाखव. नुसतं हो म्हणू नकोस.’ पलीकडून काय वाचलं ते मला ऐकू येणं शक्य नव्हतं. मी फक्त बाईंच्या भुवया बघत होतो. हलल्या नाहीत. मग उजवा परत सुरू करून डावा बंद केला. मग त्या यंत्राच्या मागे आल्या आणि डाव्या मॉड्यूलवर बोट ठेवलं. ‘हे काय आहे? हे ओढा.’

लांब्या घुटमळला. सूनबाईने सरळ कडी खाली पाडली आणि मॉड्यूल ओढून हातात घेतलं, भाजलेली पावाची लादी भट्टीतून ओढावी तसं. बाई फोनवर ऐकत राहिल्या. खूप ऐकलं. मग म्हणाल्या, ‘एक्स-रे पण उघड.’ परत ऐकलं.

फोन ठेवला. वाकून तारा बघितल्या. ‘एवढं देखणं बांधलंय, आणि या दोनच तिरक्या कशा?’

कुणी बोलायच्या आत मी बोललो. ‘त्या तशाच असू द्यात, बाई.’

‘बरं नाही दिसत.’

‘नाहीच दिसत.’

सूनबाईने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. बाईंनी शाल घट्ट केली आणि गेल्या. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही.

गुरुवार, २० मार्च

काही कळलं नाही. चिरंजीव म्हणतात, ‘बाबा, फोनकडे बघून तो वाजत नसतो.’

सोमवार, २४ मार्च

वाजला! जेवताना. सूनबाईने उष्ट्या हातानेच उचलला. ‘हो… हो… एक तारखेपासून? हो, चालेल.’ फोन ठेवला आणि सांगितलं. हॉस्पिटलने कायमची घेतली. मेट्रनबाईंनी एकच ओळ लिहून दिली होती म्हणे: ‘काही झालं नाही, हेच हवं होतं.’

चिरंजीव ताटावरून उठून नाचले. खरंच नाचले, चष्मा कपाळावर. मी पानावरून उठलो नाही. उठलो असतो तर रडलो असतो, आणि पोळी गार झाली असती.

जून गेला! म्हणजे येईल, पण येऊ दे.

मंगळवार, २५ मार्च

सूनबाईला विचारलं, लांब्याचा फोन कशाला आला होता, यंत्राला काही झालं का? म्हणाली, ‘नाही. तुमच्याबद्दल विचारत होता.’ माझ्याबद्दल! आता काय केलं मी?

शुक्रवार, २८ मार्च

पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. कानटोपी वर, लगेच हाताला लागेल अशी. लांब्याला बाहेरगावच्या आणखी तीन हॉस्पिटलांत हेच यंत्र लावायचं आहे, आणि त्याला नूडल्स नको आहेत, म्हणून तारा बांधायला मला बोलावलं आहे. पावसाळ्यापर्यंत तिकडेच राहायचं, मग परत. मी तेव्हाच हो म्हणून टाकलं, विचार करायला वेळच घेतला नाही. सूनबाईने एकच अट घातली: तिरकं दिसलं तर आधी तिला फोन. चिरंजीव सकाळपासून तोंड पाडून बसले आहेत. आत्ता येऊन म्हणाले, ‘बाबा, आणि आम्ही दोघांनी इथे एकट्यांनी राहायचं?’